उत्पलाची दोन वयं

मेडशीच्या उकंडरावाने वावरातून हाक मारली, की गावातली माणसं दारात येत. तोच माणूस वाशिमच्या दवाखान्यात कुजबुजत बोलायला शिकला. त्याची नात, लेक नीलिमाची मुलगी, अडीच महिने आधीच जन्मली होती. वजन सव्वा किलो.

"म्याडम, हिच्या डोक्याले काही भेव नाई ना?" त्याने डॉक्टर रत्नमालाबाईंना विचारलं.

त्यांनी लपवलं नाही. "आहे, बाबा. बाळ जितकं लवकर येतं, तितक्याच त्याच्या मेंदूतल्या नसा नाजूक असतात. श्वास अडकला, जंतू शिरले, रक्तदाब एकदम खालीवर झाला, तर त्या फुटू शकतात. पहिले तीन दिवस फार जपायचे. पण तुम्ही नीलिमाला वेळेवर आणलंत. बाळंतपणाआधी तिला इंजेक्शनं देता आली, त्याचा बाळाला मोठा आधार आहे."

चौथ्या दिवशी बाळाच्या टाळूवर यंत्र टेकवून सोनोग्राफी केली. डाव्या बाजूला किंचित रक्त साकळलं होतं. "थोडंच आहे. असं बहुतेक वेळा आपोआप जिरतं," डॉक्टर म्हणाल्या. उकंडराव बाहेर आला. नीलिमा शेजारच्या वॉर्डात तापाने फणफणलेली. लेकीला सांगावं का? त्याने सांगितलं, होतं तसंच. नीलिमा रडली, मग म्हणाली, "बाबा, तुमी तिच्यापाशीच राहा."

आठवड्याने बाळाचा श्वास स्थिर झाला. आता त्याला कुणीतरी छातीशी धरून ऊब द्यायची होती. नीलिमाचा ताप उतरला नव्हता, जावई संघपाल सर्दीने शिंकत होता.

"मंग तुम्हीच या, बाबा," नर्स निता म्हणाली.

"मी? मी तं ढेकळं फोडनारा मानूस! मोडन ना पोट्टी!"

"नाही मोडत. आंघोळ करून या, नखं काढा."

उकंडराव उघड्या छातीने खुर्चीत टेकून बसला. निताने बाळ अलगद त्याच्या छातीवर ठेवून वरून कापड बांधलं. दोन तास तो हलला नाही. कपाळावरचा घामसुद्धा पुसला नाही. हळूच नातीला सांगत राहिला, "सोयाबीन फुलावर हाये, माय. तूर बी मस्त हाये." बाळाने एक डोळा उघडून पाहिलं. त्याला हसू आवरेना. आवाज दाबला, पण पोट गदगदा हलू लागलं आणि नात त्यावर झोके घेत पुन्हा झोपली. निता तोंडावर हात धरून बाहेर पळाली.

ताप उतरल्यावर नीलिमाने बाळ छातीशी घेतलं, तेव्हा उकंडराव दारातूनच म्हणाला, "माह्या पाळीचं काय?"

महिन्याभराने पुन्हा सोनोग्राफी झाली. साकळलेलं रक्त जिरून गेलं होतं. पुढे बाळ दोन किलोचं होऊन घरी आलं. नाव ठेवलं उत्पला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "तपासणी चुकवू नका. आणि तिचं वय बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा, म्हणजे उगीच घोर लागणार नाही."

पोर किती महिन्यांची, असं कुणी विचारलं की उकंडराव ऐटीत सांगायचा, "डाक्टरीनबाईच्या मतानं पाच, माह्या मतानं साडेसात! दोन-दोन वाढदिवस करीन मी."

त्या महिन्याच्या तपासणीत उत्पलाला पालथं टाकलं. तिने मान उचलली, खोलीभर नजर फिरवली आणि गर्रकन उताणी झाली. डॉक्टरांनी खाली वाकून तिचे हातपाय पाहिले. तिने त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी मुठीत पकडली आणि थेट तोंडात घातली.

"सोड ना वं बाई!" नीलिमा हसतहसत ओढू लागली.

"असू द्या," डॉक्टर म्हणाल्या, "पकड चांगली आहे." आणि बाहेर रांग वाढत असताना तशाच वाकून उभ्या राहिल्या.