शंकरपाळ्याच्या आकाराचे घड्याळ

मी एक जुने, वाकडे मनगटी घड्याळ आहे. मित्रांनो, यातला 'वाकडे' हा शब्द मी मुद्दाम आणि अभिमानाने उच्चारतो आहे.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तुमच्या घरातली घड्याळे गोल असतील, फार तर चौकोनी. माझी सोन्याची पेटी मात्र शंकरपाळ्यासारखी तिरकी, आणि वर कौलासारखी वाकवलेली. मोटार चालवणाऱ्यांसाठी मला घडवले होते. मी मनगटाच्या माथ्यावर बसत नाही. मूल आईच्या कडेवर बसते तसा अंगठ्याच्या बाजूला बसतो. त्यामुळे हात न वळवता वेळ दिसते. अशी फक्त चाळीस घड्याळे झाली. माझे कोपरे घासताना कारागिरांची बोटे सोलून निघत, म्हणून एकेचाळिसावे करायला कोणी तयार झाले नाही, असे मी ऐकले आहे. खरे-खोटे ठाऊक नाही.

डॉक्टर मंदाकिनीबाई शिकायला विलायतेत होत्या. त्यांच्या वृद्ध शिक्षिकेने निरोप देताना मला स्वतःच्या हातावरून काढून त्यांच्या हातावर बांधले. १९५२ साली मी पुण्यात आलो. नारायण पेठेत बाईंचे छोटे प्रसूतिगृह होते. आसपासच्या गावांहून बोलावणे आले की बाई स्वतः मोटार चालवत जात.

पुण्याने माझे स्वागत पुणेरी पद्धतीनेच केले. कंपाउंडर माधवराव म्हणाले, "बाई, हे घड्याळ आहे की दिवाळीचा उरलेला फराळ?"

एका बाळंतिणीच्या सासूबाईंनी तर मला निरखून विचारले, "एवढं विलायतेहून आणलं, आणि तेही चेपलेलं?"

बाई हसून सोडून देत. मी आपल्या सोन्याकडे पाहून मनाचे समाधान करून घेई.

तीन वर्षांनी मोटारीच्या दारात सापडून माझी काच तडकली. शुक्रवारी बाई मला बुधवार पेठेतल्या दिगंबरपंत घड्याळजींकडे घेऊन गेल्या. पंतांनी डोळ्याला भिंग लावले.

"यंत्र राजाचं आहे. अंग कोणी पायाखाली दिलं?"

"ते मुळातच तसं आहे."

"म्हणजे मुळातच चुकलंय. या आकाराची काच हिंदुस्थानात मिळायची नाही. यंत्र काढून छानशा गोल पेटीत बसवतो. चारचौघांत नेता तरी येईल."

तीन वर्षांचे टोमणे ऐकून बाईही थकल्या असाव्यात. "बरं," त्या म्हणाल्या, "दोन दिवस कामाचे आहेत. सोमवारी आणून देते."

ते दोन दिवस मी कसेबसे चाललो.

रविवारी दुपारी लोणी काळभोरचा भैरू भाजीच्या ट्रकमधून आला. त्याची बायको तुळजाबाई आदल्या दिवसापासून अडली होती आणि गावच्या सुईणीने हात टेकले होते. बाईंनी लगेच मोटार काढली.

आम्ही पोहोचलो आणि घटकाभरात मूल बाहेर आले. पण ते निळसर होते, आणि गप्प. बाईंनी त्याचे तोंड पुसले, पाठ चोळली. ते रडेना. मग बाईंनी डाव्या हाताची दोन बोटे नाळेच्या मुळाशी धरली, त्याच्या तोंडावर पातळ फडके ठेवले आणि हलकेच फुंकर घालू लागल्या.

तुळजाबाईची सासू, मथुराबाई, म्हणाली, "सोडा बाई आता. गेलंय ते."

"गेलं नाही. नाळ उडतेय अजून. मोजतेय मी."

"आवो, आमची सून तरी हाय. तिच्याकडं बघा."

"तिच्याकडे तुम्ही बघा. पोट चोळत राहा तिचं. मला हे सोडता येत नाही."

खरोखरच येत नव्हते. बोटे हलवली तर ठोका निसटणार, तोंड दूर नेले तर फुंकर चुकणार. पण मित्रांनो, मी नेमका बाईंच्या डोळ्यांसमोर होतो. तडकलेल्या काचेखाली माझा लांब सेकंदकाटा फिरत होता. दहा सेकंदांत सात ठोके. फुंकर. आठ. फुंकर. पुन्हा आठ. मथुराबाईने पदर तोंडाला लावला. बाई मात्र माझ्यावरची नजर काढीनात. अकरा. मग सोळा. ठोके वाढत होते, म्हणून बाई थांबल्या नाहीत. आणि मग ते पोर मांजराच्या पिलासारखे कुरकुरले, आणि एकदम मोठ्याने रडू लागले.

"बया," मथुराबाई डोळे पुसत म्हणाली, "आवाज तर बापावर गेलाय."

बाहेरून भैरू दार वाजवू लागला.

परतताना बाईंनी वाटेत मोटार उभी केली, माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "गोल असतंस, तर त्या वेळी पलीकडे तोंड करून बसलं असतंस."

सोमवारी दिगंबरपंतांनी विचारले, "वाकडंच हवंय?"

"वाकडंच."

"कशासाठी, ते कळेल?"

बाईंनी सांगितले. पंतांनी मला स्वतःच्या हातावर बांधले, दोन बोटांची चिमूट धरली आणि मान खाली घालून पाहिले. "चूक माझी," ते म्हणाले. बुधवार पेठेत हे वाक्य मी तेव्हाच एकदा ऐकले. "काच हाताने घासून करतो. पंधरा दिवस लागतील. मध्ये येऊन विचारायचं नाही."

दोन काचा फुटल्या, तिसरी बसली. त्यानंतर तीस वर्षे मी बाईंच्या हातावर होतो. किती ठोके मोजले, त्याची गणती नाही. बाई गेल्यावर काही वर्षे मी कपाटात बंद पडून होतो. माझे तेल सुकले. आता त्यांची भाची नीरजा मला रोज सकाळी हळुवार किल्ली देते. पाहुणे येतात आणि चाळिसांतले एक म्हणून माझे कौतुक करतात. करोत बापडे.

मित्रांनो, जुन्या वस्तूला किल्ली द्या, तेल द्या, पाण्यापासून जपा. पण ती वाकडी दिसली म्हणून सरळ करायला धावू नका. ती कशासाठी तशी आहे, ते आधी विचारा. त्या शुक्रवारीच बाईंनी मला दुकानात ठेवले असते, तर लोणीच्या त्या घरात आठाचे अकरा ठोके झालेले कोणाला कळले नसते, आणि बाई थांबल्या असत्या.