खारट ज्येष्ठमध

वोब्बेचं हृदय सुकाणूवरच बिनसलं. सरोवराच्या मधोमध "डोळ्यांपुढे अंधारी येतेय" एवढंच तो म्हणाला आणि आडवा झाला. बाउक्येनं शीड पाडलं, नाव कशीबशी काठाच्या गवतात घुसवली आणि रुग्णवाहिका बोलावली. पस्तीस वर्षं नवऱ्याबरोबर पाण्यावर काढलेली बाई, कामाला वाघीण. पण इस्पितळात तिच्या हाताला कामच नव्हतं, आणि भीती मात्र छातीवर येऊन बसली होती.

पडद्यावर वोब्बेचे ठोके धावत होते. दोन लवकर, एक उशिरा, मध्येच भलती झुंड. ठोके भरकटण्याचा आजार वर्षभराचा होता. गोळ्या चालू होत्या, रक्त पातळ करायचीही. शुद्ध जाणं मात्र नवीन होतं.

"गोळ्या चुकल्या का?" डॉ. होक्स्मानं विचारलं.

"माझ्या घरात? समोर उभी राहून गिळायला लावते मी. बिअर बंद, सिगारेट बंद, कॉफी फक्त सकाळची."

"जेलरबाई आहे," वोब्बे पुटपुटला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"तू गप राहा रे. दमशील."

डॉक्टर कागद बघत म्हणाली, "रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय. असं झालं की ठोके ताळ्यावर ठेवणारी गोळीच उलटते. पण ते जातंय कुठे? उलट्या, जुलाब?"

"काही नाही."

"खातात काय, सगळं आठवून सांगा."

ब्रेड, चीज, बटाटे, मासे. बाउक्येनं पाढा वाचला. त्यात चोर सापडेना.

तेवढ्यात यंत्र किंचाळलं. वोब्बेचे डोळे फिरले. नर्सा धावल्या, बाउक्येला भिंतीकडे सारलं. ठोके आपोआप सावरले, पण तेवढ्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं.

"पुन्हा झालं आणि थांबलं नाही तर शॉक द्यावा लागेल," डॉक्टर म्हणाली.

"आणि शॉकनंही नाही थांबलं तर?"

डॉक्टरनं शॉकचं यंत्र खाटेजवळ ओढून घेतलं.

मग त्या सरोवराकाठच्या बायका अशा वेळी करतात तेच बाउक्येनं केलं. पर्समधून पिशवी काढून समोरच्या माणसापुढे धरली. "घ्या, ड्रॉप घ्या."

ड्रॉप म्हणजे ज्येष्ठमधाची काळी, खारट गोळी. कुणी पुढे केली की नाही म्हणायची रीत नाही. डॉक्टरनं सवयीनं तोंडात टाकली, आणि थबकली. गोळी हातात काढून तिच्याकडे बघत राहिली.

"हे खातात का ते?"

"ड्रॉप? ड्रॉप कोण खात नाही?"

"किती?"

"सिगारेट सुटल्यापासून रोज पिशवीभर. तोंडाला चाळा हवा ना. मीच आणून देते."

"बाउक्ये, हाच तो चोर. ज्येष्ठमध जास्त झालं की पोटॅशियम शरीराबाहेर जातं. मी मघापासून खाणं विचारतेय, आणि हे माझ्याही डोक्यात आलं नाही. आपण याला खाणं मानतच नाही ना."

"म्हणजे मीच..." बाउक्येनं पिशवी मुठीत चुरगाळली. ज्याला जपायला निघाली, त्याला स्वतःच्या हातानं विष चारत होती.

पोटॅशियम शिरेतून चढवायला सुरुवात झाली. तेही हळूहळूच, कारण घाई केली तर तेच जीव घेतं. बाउक्ये पडद्याला डोळे लावून बसली. संध्याकाळपर्यंत ती झुंड परत आली नाही.

"मूळचं भरकटणं राहील," डॉक्टर म्हणाली. "त्याच्याबरोबर जगता येतं. नाडी बघायला शिका. फार पळायला लागली किंवा चक्कर आली तर लगेच फोन करा."

बाउक्येनं वोब्बेचं मनगट घट्ट धरलं आणि तिचा चेहरा उतरला. "डॉक्टर, पळतेय हो. परत पळतेय."

डॉक्टरनं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. "अंगठ्यानं बघायची नसते. त्याला स्वतःचेच ठोके लागतात. हे तुमचे आहेत, बाउक्ये."

वोब्बेनं दुसऱ्या हातानं तिचा हात झाकला. "हिलाही एक खाट द्या," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा जास्त भ्यालीय."

तेव्हा कुठे बाउक्येला रडू फुटलं.