फ्रीझरमधल्या चार बाटल्या

शारजाच्या अल मजाजमधलं आमचं घर आठवलं की मला आधी फ्रीझर आठवतो. वरच्या कप्प्यात आमच्या गावाहून, खेडहून आलेले सुके बोंबील आणि त्यांच्या शेजारी माझ्या थुंकीच्या चार बाटल्या! हसा. आता मीसुद्धा हसते.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. वर्गात एकदा वाचताना एक शब्द चुकला आणि पोरी खुसखुसल्या. झालं. जेवताना, नमाज पढताना, खिडकीतून खाडीचं पाणी बघताना तेच हसू कानात. कोळसा उगाळावा तितका काळाच, हे कळत होतं, पण हात थांबत नव्हता. अम्मी विचारायची, "मुनिबा, काय झालं गं?" मी म्हणायची, "आय ॲम फाइन, अम्मी." तिला इंग्रजी येत नव्हतं, पण हे तीन शब्द पाठ झाले होते.

अब्बांनी मात्र निकाल लावून टाकला होता. "हिला इथली हवा मानवत नाही. असंच चाललं तर खलास, खेडला चाचीकडे पाठवायची." मला खेड आवडायचं, पण सुट्टीपुरतं. अम्मीला सोडून तिथं राहायचं नव्हतं.

अशात शाळेत अल ऐनच्या विद्यापीठातल्या डॉक्टर विनिता आल्या. परदेशात वाढणाऱ्या मुली एकच वाईट विचार किती घोळवतात आणि त्यानं अंगातलं ताणाचं हार्मोन किती वाढतं, ते त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी चार दिवस, सकाळी डोळे उघडल्या उघडल्या, दात न घासता, चहा न घेता बाटलीत थुंकायचं आणि बाटली फ्रीझरमध्ये ठेवायची.

मी घाबरले. रिपोर्टात काही निघालं तर अब्बांना निमित्तच! अम्मी म्हणाली, "थुंक आणि बाटली माझ्याकडे दे. तू वेंधळी, सांडशील." चारही दिवस बाटल्या तिनंच फ्रीझरमध्ये ठेवल्या.

तीन आठवड्यांनी विनिता मॅडम स्वतः घरी आल्या. अम्मीनं गोड सांदणाची बशी पुढे केली, त्यांनी हातही लावला नाही. "मुनिबाचे आकडे फार वर आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणून फोन न करता आले."

"बघा!" अब्बांनी मांडीवर थाप मारली. "मी म्हणत होतो ना? याच महिन्यात तिकीट."

मला रडूच फुटलं. मॅडम काहीतरी समजावायला लागल्या, तोवर स्वयंपाकघराच्या दारातून अम्मी बोलली.

"पोरीला पाठवू नका. ती थुंकी तिची नाही. माझी आहे."

अब्बा उठून उभे राहिले. "हव्वा, डोकं फिरलंय का तुझं?"

"तिच्या बाटल्या मी धुऊन टाकल्या आणि त्यांत माझी थुंकी भरली. म्हटलं, माझं चांगलंच येईल." ती अब्बांकडे वळली. "तुम्हीच म्हणता ना, घरात बसणाऱ्या बाईला कसलं टेन्शन? मला खरंच वाटलं, मला काही नाही."

अख्ख्या घरात ही एकच बाई अशी होती, जिला आपला रिपोर्ट चांगला येणार याची खात्री होती. मला तिचा राग आला आणि तितकीच माया आली. चार वर्षं ती गावी गेली नव्हती. तिकडे नानी अंथरुणाला खिळली होती. शुक्रवारी फोन झाला की अम्मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. आम्ही सगळे बाहेर टीव्ही बघत असायचो.

विनिता मॅडमनी कागद मिटून पिशवीत ठेवला. "मुनिबाची तपासणी पुन्हा करू," त्या म्हणाल्या. मग उठून अम्मीजवळ गेल्या. "पण ताई, हे आकडे तुमचे आहेत. तुम्हाला कसला त्रास होतोय?"

अब्बाही पहिल्यांदाच उत्तराची वाट बघत होते. पुढे त्याच महिन्यात त्यांनी खेडचं तिकीट काढलं खरं, पण अम्मीचं. त्या दिवशी मात्र मॅडमच्या प्रश्नावर अम्मीनं ओढणीनं तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याच सुरात म्हणाली,

"आय ॲम फाइन."