पिवळाधमक फ्रॉक

सुट्टी लागायच्या सुमारास आजीचं पार्सल यायचं, ते आलंच. चिंगीच्या आईबाबांच्या घटस्फोटानंतर कोर्टाने आजीला तेवढी मुभा ठेवली होती. भेट पोस्टाने पाठवायची, भेटायला यायचं नाही. चिंगीच्या बाबाला तर तीही मुभा नव्हती. तीन वर्षांपूर्वी तो कुणालाही न सांगता पोरीला उचलून घेऊन गेला होता आणि ती सापडायला चार दिवस लागले होते.

या वेळी पिवळाधमक फ्रॉक आला. आजीचं शिवणकामाचं दुकान होतं. चिंगीच्या आईने सहा वर्षं तिथे काजं-बटणं केली होती, त्यामुळे सासूबाईंचा टाका ती डोळे मिटूनही ओळखायची. बाई कशीही असो, हात सोन्याचा, हे ती अजूनही कबूल करायची.

शाळेचा शेवटचा दिवस, गणवेशाची सक्ती नव्हती. चिंगी फ्रॉक घालून आरशापुढे गिरक्या घेऊ लागली. आई खाली बसून घेर सारखा करत होती.

"काय बसलाय गं!" ती म्हणाली आणि सवयीने तिने शिवण उलटून पाहिली.

आत जास्तीचं कापड नव्हतं. आधीच्या प्रत्येक फ्रॉकात दोन बोटं कापड दुमडलेलं असायचं. पोर दिसतच नाही म्हटल्यावर माप अंदाजानेच धरायचं, तेव्हा वाढवायला जागा ठेवावी लागते. शिवाय दप्तर एकाच बाजूला अडकवून चिंगीचा डावा खांदा या वर्षीच जरासा उतरला होता. फ्रॉकचा डावा खांदाही तेवढाच उतरता होता. आईने चिंगीला आपल्याकडे वळवलं.

"चिंगे, तुझं माप कुणी घेतलं?"

चिंगी पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली. "आजीने. शाळेच्या फाटकापाशी. दर शुक्रवारी येते. तू रडतेस म्हणून सांगायचं नाही म्हणाली." मग लाडात येऊन म्हणाली, "आज हाच घालायचा हं. बाबा येणारे. मी मोठी झाले ना, त्याला ओळखू यायला नको का?"

आईने रडत्याभेकत्या पोरीच्या अंगातून फ्रॉक काढला आणि तिला शेजारच्या मावशींकडे ठेवून आतून कडी लावायला सांगितली. पोलिसांना फोन केला. "काही घडलंय का?" त्यांनी विचारलं. घडलं तर काहीच नव्हतं. मग शाळा सुटायच्या वेळी ती स्वतःच जाऊन फाटकासमोर उभी राहिली.

तो आला होता. थोड्या अंतरावर गाडी सुरूच होती. मुलं बाहेर पडू लागली, तसा तो एकेक कपडा निरखू लागला. पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी दिसताच पुढे होऊन त्याने तिचा हात धरला.

"चल बाळा, बाबा आलाय."

"अरे, ती नव्हे!" गाडीतून आजी ओरडली. मुलगी हात झटकून पळाली. पोटच्या पोरीला फ्रॉकवरून ओळखणारा बाप! चिंगीच्या आईला संतापाने रडूच फुटलं.

तो घाईघाईने गाडीत बसला. गाडी निघाली आणि तिच्यापाशी येऊन मंदावली. काच खाली झाली. सासूबाईंच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती, आवाजही दुकानात असायचा तसाच शांत होता.

"घालू दिला नाहीस ना?" त्या म्हणाल्या. "असू दे. माप आहे माझ्याकडे. दुसरा शिवते."