अण्णांची मराठी आणि मी, रिमोट

हो, मीच बोलतोय, टीव्हीचा रिमोट. एवढं दचकायला काय झालं? रोज माझ्यावर बोटं आपटता, मी कधी हूं की चूं केलं नाही. आज मात्र बोलू द्या. आमच्या घरातला एक माणूस बोलायचा थांबला होता आणि का थांबला, ते फक्त मला ठाऊक होतं.

जन्म माझा कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. टीव्हीच्याच खोक्यातून मी बेंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या या घरी आलो. आल्या आल्या विमलाबाईंनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि वर रबर बँड चढवला. "धूळ बसती की," म्हणाल्या. अहो, श्वास कोंडतो ना माणसाचा! पण बाईंची माया करायची रीतच ती. सोफ्यालासुद्धा त्यांनी कधी चादरीशिवाय बसू दिलं नाही.

त्यांचे यजमान नरसिंहराव, म्हणजे आमचे अण्णा. बँकेतून रिटायर झालेले. यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडं आलं आणि इथलंच झालं. घरात मराठीच, पण तिच्यात कन्नड अशी मुरलेली की वेगळी काढता यायची नाही. "स्वल्प थांब की." "सरी, येतो बघ." "ऐयो, दूध उतू गेलं!" स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं. माझ्या अंगावर सगळं इंग्रजी छापलंय खरं, पण वाढलो मी या मराठीत.

मग त्यांच्या मुलाचं, श्रीहर्षचं लग्न झालं आणि पुण्याची शाल्मली सून म्हणून घरात आली. नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला, आयटीत. तिला कन्नड येत नव्हती. म्हणून संध्याकाळी ती आली की अण्णा कन्नड बातम्या लावायचे, माझं आवाज बंद करायचं बटण दाबायचे आणि तिला आपल्या मराठीत बातमी समजावून सांगायचे. बातमी असायची दोन ओळींची. पण पुलावर लॉरी बंद पडली असेल, तर अण्णा त्या लॉरीच्या मालकाच्या गावापर्यंत जाऊन यायचे! शाल्मली कॉफी पीत मन लावून ऐकायची. दिवसभरातला तेवढा वेळ मला फार आवडायचा.

बातम्यांनंतर शाल्मलीचा मराठी विनोदी कार्यक्रम. त्यात एक लुंगीवाला घरमालक यायचा. कपाळावर पट्टे, दर वाक्याला 'ऐयो', इडलीचं नाव काढलं की टाळ्या. मी सगळी चॅनेलं फिरलेला गडी आहे, मला यातलं काही नवीन नाही. हिंदीत मराठी बाई आली की पदर खोचून हातात झाडूच. मराठीत दक्षिणेकडचा आला की लुंगी. कन्नडमध्ये उत्तरेकडचा भाडेकरू आला की तो बावळट. हे लिहिणाऱ्यांना शेजारीपाजारी नसतातच का हो?

एका संध्याकाळी तो लुंगीवाला म्हणाला, "ऐयो, स्वल्प थांब की!" शाल्मली पोट धरधरून हसली. "अय्या, अगदी आपले अण्णा! सेम टू सेम!" तिच्या मनात काही नव्हतं, लाडानंच म्हणाली बिचारी. अण्णा तर तिच्याहून मोठ्यानं हसले. पण मी त्यांच्या मुठीत होतो ना! ती मूठ अशी आवळली की चॅनेलच बदललं. "सॉरी, सॉरी," म्हणाले अण्णा.

त्या दिवसापासून त्यांनी शाल्मलीशी मराठीत बोलणं सोडलं. बायकोशी कन्नड, सुनेशी इंग्रजी. बातम्या लागायच्या, पण माझं ते बटण कोणी दाबायचं नाही.

"अण्णा, काय म्हणतायत हे?"

"ट्रॅफिक प्रॉब्लेम."

झाली बातमी! मग ती मोबाइल काढून बसायची. 'अण्णांना माझा कंटाळा आलाय वाटतं,' असं एकदा श्रीहर्षला म्हणालीसुद्धा. माझा जीव नुसता तुटायचा. आईच्या मांडीवर शिकलेल्या भाषेची माणसाला म्हातारपणी स्वतःच्याच घरात लाज वाटावी? मला रडता येत नाही म्हणून बरं, नाहीतर सेल भिजले असते माझे.

परवा शाल्मली घरी आली ती डोळे लाल करून. अण्णांनी तिच्यासाठी तिचा कार्यक्रम लावून ठेवला होता. तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

"काय झालं गं?" विमलाबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. ऑफिसात पार्टी होती. आमच्या विराटनं माझी नक्कल केली. ओढणी कमरेला खोचली, हातात झाडू घेतला आणि माझ्यासारखं हिंदी बोलून दाखवलं. 'मॅडम, मैं आज भांडी नहीं घासेगी.' सगळे हसले." तिनं नाक पुसलं. "मीपण हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच हसले, आई. दुसरं काय करणार होते?"

एवढं बोलली आणि थांबली. टीव्हीवर तो लुंगीवाला आला होता. शाल्मली अण्णांकडे बघतच राहिली.

"अण्णा... तुम्हीपण त्या दिवशी मोठ्यानंच हसलात..." तिला रडूच फुटलं.

अण्णा गडबडून गेले. "डोन्ट... डोन्ट..." करत राहिले. पण लेकराची समजूत घालायला लागणारं इंग्रजी त्यांच्याकडे कुठलं?

"ऐयो, रडू नको की गं!" शेवटी म्हणालेच. "त्याला काय कळतंय? तू आमची लेक आहेस की. स्वल्प पाणी पी बघू."

शाल्मलीला रडता रडता हसू आलं. मी अण्णांच्या हातातच होतो. पुन्हा ती मूठ आवळली.

"नाही हो अण्णा, तसं नाही हसले!" ती घाईनं म्हणाली. "किती दिवसांनी बोललात माझ्याशी! तुमची इंग्रजी नको हो मला, ती ऑफिसात दिवसभर असतेच. चुकलं माझं. पण बोला ना."

अण्णांची बोटं सैल झाली. त्यांनी मला टीपॉयवर ठेवलं. "काय बोलू?"

"काहीही. लहानपणी तुमच्या आई रागावल्या की काय म्हणायच्या, ते सांगा."

"ती होय!" अण्णा मांडी घालून बसले. "तिचा राग म्हणजे काय विचारतीस..."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच चाललंय. माझ्या बटणांवरचे आकडे पुसत आलेत, आताशा दोनदा आपटल्याशिवाय माझं काम होत नाही. होईना का! तुम्हाला एवढंच सांगतो, हसा, खुशाल हसा, पण शेजारी बसलेल्याच्या हाताकडेही जरा बघत जा. बरं, पुरे झालं माझं. तिकडं गोष्टीत अण्णांची आई त्यांच्यामागं लाटणं घेऊन धावतेय, आणि मला ऐकायचंय.