चढावर चढणारं चाक

रविवारची प्रार्थना संपली आणि अख्खं गाव घरी जायचं सोडून दलदलीकाठच्या कुरणात धावलं. तिथे म्हणे चाक चढावर चढणार होतं, आपलं आपण!

एक तिरकी फळी, तिच्या तळाशी काळं लाकडी चाक, आणि चाकामागे पांढऱ्या झग्यातले, मंत्रानं रोग घालवतो म्हणणारे व्हितोमिर महाराज. राजधानी ल्युब्लियानाजवळच्या आमच्या दलदलीत पाच हजार वर्षांपूर्वीचं चाक खरंच सापडलंय. मग "हे त्याचंच जुळं भावंड!" म्हटल्यावर संशय कोण घेणार?

"ज्याचा रोग गेला, त्याच्याकडेच हे चढतं," महाराज घोळवून घोळवून म्हणाले. "या बाई, वरच्या टोकाशी उभ्या राहा."

त्या बाई म्हणजे माझी अल्बीना मावशी. बारा वर्षं रोज इन्सुलिन घेणारी. महाराजांनी चाक फिरवून फिरवून जागेवर बसवलं, हात काढला, आणि आईशप्पथ, ते वर चढलं! बायकांनी छातीवर क्रूस काढले.

"साखर गेली! फेका त्या सुया!" महाराज गरजले.

मावशी डोळे पुसत, इन्सुलिनचं पेन मुठीत धरून कालव्याकडे निघाली. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"मावशे, थांब! दोन दिवसांत हॉस्पिटलात पडशील!"

"सोड गं, तिंकारा. चाकाचं काय माझ्याशी वाकडं आहे, खोटं सांगायला?"

"चाकाचं नसेल. चाकवाल्याचं बघू! तोवर पेन टाकू नकोस."

मला आमच्या गावात लाकडी चाकं घडवणारे शेवटचे कारागीर, लोइझे आजोबा, आठवले. नवं चाक झालं की ते कण्यावर, म्हणजे मधल्या दांड्यावर, चढवून तीनदा फिरवत. दर वेळी तीच बाजू खाली आली, तर ती जड. मग तिथे रंधा. आजोबा गर्दीतच होते, काठीला टेकून.

"महाराज, चाक कण्यावर फिरवून बघू?"

"हात लावू नकोस, पोरी! बाटेल!"

"पाच हजार वर्षं चिखलात लोळलं तेव्हा नाही बाटलं ते!"

लोक फिस्सकन हसले. तोवर आजोबांनी चाकाच्या मधल्या भोकातून काठी घातलीसुद्धा. तिची दोन टोकं गर्दीतल्या दोघांनी धरली. मी चाक फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. तीच बाजू खाली!

"अरे, हा तर आमच्या धंद्याचा अपमान!" म्हणत आजोबांनी चाकूनं ती बाजू टोकरली. मेणाखालून शिशाचा गोळा टपकन पडला. युक्ती एवढीच: सुरुवातीला गोळा वर, चढाच्या अंगाला ठेवायचा. तो खाली यायला बघतो आणि चाक वर ढकलतो. गोळा तळाशी आला की चढणं बंद. म्हणून तर फळी जेमतेम दोन हात!

"आणि भोक गोल कसं?" मी आता थांबणार नव्हते. "खऱ्याचं चौकोनी आहे, कणा चाकाबरोबरच फिरायचा. चौथीतली पोरं संग्रहालयात बघून येतात. तुम्ही दारातूनच परतलात वाटतं?"

"नकारात्मक लहरी..." महाराज पुटपुटले.

"लहरी घेऊन चालू पडा," आजोबा म्हणाले.

मावशी रागानं लालबुंद झाली होती. महाराजांवर की स्वतःवर, कोण जाणे. "चल घरी," ती म्हणाली. "जेवणाआधीची सुई राहिलीय."

हजारो वर्षांपूर्वी चाक देशोदेशी पोचलं, कारण बघेल त्याला ते हातात घेता आलं, मोडता आलं, तसंच दुसरं करून पाहता आलं. ज्या चमत्काराला हात लावायची बंदी असेल, त्यालाच आधी हात लावा. आणि औषध सोडायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारा, लाकडाला नाही.