हेमाच्या हिरड्या आणि माझे खण

मी बर्फाचा ट्रे बोलतोय. हसताय कशाला? ब्याऐंशी साली रत्नागिरीतल्या आमच्या आळीत पहिला फ्रीज आला तो परशुराममास्तरांकडे, आणि त्याच्या पोटात मी. फ्रीज ठेवला कुठे, तर बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. वर क्रोशाचा रुमाल! किल्ली मास्तरांच्या आईच्या, यमुनाबाईंच्या कमरेला. पाहुणा आला की कुलूप उघडायचं, माझ्यातले दोन खडे कोकम सरबतात टाकायचे, की पुन्हा कुलूप. एवढ्या मिरवण्यासाठी माझा जन्म!

वैशाखात मास्तरांच्या हेमाला दात यायला लागले. पोर लाळ गाळी, मुठी चावी, दूध तोंडात घेईना. तिची आई मालिनी रडकुंडीला आली. बाई सोवळ्यात असल्या की किल्ली खुंटीवर असे. तेवढ्यात मालिनीने हापूसचा रस माझ्या खणांत ओतला. गोठल्यावर दुसऱ्या दिवशी एक खडा मलमलच्या फडक्यात घट्ट बांधून लेकीच्या हिरड्यांवर धरला. पोर गप्प! मलाही पहिल्यांदाच बरं वाटलं.

"अगो, मारतेस काय पोरीला? छाती भरेल तिची!" यमुनाबाईंनी फडकं मोरीत भिरकावलं.

"आई, दूध घेत नाहीये हो ती."

"आम्ही एवढी पोरं वाढवली, ती काय बर्फावर?"

झालं. किल्ली कमरेला, हेमा किंचाळतेय, आणि उरलेले खडे माझ्यात तसेच.

आठवडा गेला नाही तोच यमुनाबाईंची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, तुरटी झाली. मालिनी विहिरीवर गेलेली बघून बाईंनी हळूच कुलूप काढलं, आमरसाचा खडा पदरात गुंडाळला आणि गालाशी धरला. छाती भरायची भीती आता कुठे गेली? कडेवरच्या हेमाने पदर ओढून तोंडात घातला नि डोळे मिटून चोखायला लागली. दारात मालिनी कळशी घेऊन उभी.

बाईंनी किल्ली काढून सुनेच्या हातात ठेवली.

वाटलं, सुधारली म्हातारी. कसली सुधारते! संध्याकाळी शेजारच्या काशीबाईंना ऐटीत सांगत होती, "दात येताना गोठवलेला आमरस द्यावा हो. आमच्यात पूर्वीपासून देतात."

पूर्वीपासून! फ्रीज येऊन वर्ष नव्हतं झालं.

आता हेमा शाळेत जाते. खडे सुटे करायचा माझा दांडा मोडलाय, परसात माझ्यात चिमण्यांसाठी पाणी ठेवतात. मागणं एकच. तुमच्या घरी पोर मुठी चावत असेल, तर म्हातारीची दाढ दुखायची वाट बघू नका.